चावी सोडणाऱ्या मामांची आठवण

प्रश्न : आमच्या पाणीपुरवठा विभागात चावी सोडणारे, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारे, एक सहकारी नोकरीत असतानाच वारले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुठली चावी किती आटे फिरवली की चढाच्या गल्लीला पाणी पोचतं, हे त्यांना तोंडपाठ. २०१९ च्या महापुरात स्वतःच्या घरात पाणी असताना ते टँकरवर होते. आम्ही वर्गणी काढलीय. कुणी चौकात मोठं डिजिटल (फ्लेक्स फलक) लावू म्हणतं, कुणी स्मृतिचषक क्रिकेट. मला दोन्ही पटेना. काय करावं?
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : डिजिटल नकोच. वाढदिवसांच्या गर्दीत मामा कुणाला दिसणार? आठ दिवसांत त्यावर दुसरं चढतं. क्रिकेटला माझी ना नाही, पण चषक उचलणाऱ्या पोरांना मामा कोण हे ठाऊक नसणार.

ते आटे मात्र लिहून काढा. मामांबरोबर निम्मी माहिती गेली. उरलेली त्यांच्या हाताखाली राबलेल्या पोरांकडे आहे. त्यांना घेऊन मामांच्या भागात फिरा. नकाशात व्हॉल्व्ह असेल, पण डांबराखाली गाडलेलं झाकण कुणाच्या पायरीसमोर आहे, हे नकाशात नसतं. कुठली चावी, किती आटे, कुठल्या गल्लीला किती वेळ, सगळं वहीत उतरवा. महापुराची पानं वेगळी ठेवा. शहराला पाणी देणारे शिंगणापूर-बालिंग्याचे पंप बुडाले, दाराशी पूर आणि नळ कोरडे, तेव्हा टँकर कुठे उभा केला की म्हाताऱ्यांना लांब जावं लागत नव्हतं, हे मामांना माहीत असणारच. वहीवर त्यांचं नाव घाला. एक प्रत विभागात, एक त्यांच्या घरी.

वर्गणीचं म्हणाल तर आधी मामींचे कागद बघा. कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), फंड यांचे अर्ज भरायला कार्यालयीन काम जाणणारा एक जण सोबत द्या. हेलपाट्यांचा खर्च वर्गणीतून करा, उरलेलं मामींच्या हातात द्या. आणि कृपा करून पाकीट देताना फोटो काढू नका.

शोकसभा घ्या, पण भाषणं आवरा. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं, तेवढ्यात सगळं पोचलं. बोलायला पुढाऱ्याऐवजी गल्लीतल्या शेवटच्या नळावरची एखादी बाई बोलवा. आणि सभा रात्री उशिरा ठेवू नका. मामांच्या जोडीदारांना पहाटे चावीला जायचं असतं.