सहाव्या वाढदिवसाला १५ मुलं आणि १० मोठी माणसं घरी येणार आहेत. बजेट ५,००० असेल तर कसं बसवावं, आणि १०,००० असेल तर?

५,००० मध्ये आरामात होतं, फक्त जेवण घरी करा. पावभाजी सर्वात सोयीची: मुलांना दोन, मोठ्यांना तीन, म्हणजे ६० पाव. बटाटे अडीच किलो, टोमॅटो दोन किलो, फ्लॉवर एक किलो, मटार अर्धा किलो, बटर अर्धा किलो. मुलांची भाजी तिखट घालण्याआधीच वेगळी काढा, नाहीतर मुलं नुसता पाव खातात आणि भाजी उरते.

केक दोन किलो पुरतो, माणशी ८० ग्रॅम. क्रीमचा असेल तर कापायच्या अर्ध्या तासापूर्वीपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्या. शेंगदाणे, काजू-बदाम कुणाला चालत नाहीत का, हे आमंत्रण देतानाच विचारा.

वेळ ५ ते ७ पुरे. केक साडेपाचला कापाच. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलं की भुकेली मुलं रडकुंडीला येतात. फुगे त्याच दुपारी फुगवा, उन्हात ठेवू नका, आणि फुटलेले तुकडे लगेच उचला. लहान भावंडं ते तोंडात घालतात, घशात अडकू शकतात.

१०,००० असतील तर जास्तीचे पैसे सजावटीत घालू नका. जेवण बाहेरून मागवा आणि तासाभरासाठी जादूगार बोलवा.