लॉन कापलं की दोन दिवसांत पिवळं का पडतं?

प्रश्न: दर रविवारी मशीन फिरवतो, एकदम बारीक कापतो म्हणजे लवकर वाढायला नको, तरी लॉन पिवळट दिसतं आणि मधेमधे टक्कल पडलंय. खत कमी पडतंय का?

उत्तर: खताचं नंतर बघू, आधी ते बारीक कापणं थांबवा. गवताचं अन्न पातीतच तयार होतं, तीच मुळापाशी उडवली की मुळंही आखडतात, माती उघडी पडून तापते आणि तण बरोब्बर त्याच जागेत घुसतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचंच नाही, म्हणजे ३ इंच ठेवायचं असेल तर साडेचार इंच झालं की मशीन काढा, रविवार आहे म्हणून नको! (बर्म्युडासारखं बारीक पातीचं गवत १ ते दीड इंचावरही मजेत राहतं.) फारच माजलं असेल तर ३-४ दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने खाली आणा.

आणि हो, एक पात तोडून टोक नीट बघा. सरळ कापलेलं असेल तर ठीक, पण चिंध्या होऊन टोक पांढुरकं-तपकिरी पडलं असेल तर ब्लेड बोथट झालंय, ते गवत कापत नाही, फाडतं. धार लावून घ्या, त्याआधी प्लग काढायला विसरू नका.

ओल्या गवतावर मशीन नको, गोळे होतात. सुकं बारीक कातरण मात्र तिथेच राहू द्या, कुजून नायट्रोजन परत मातीत जातो, खताचा खर्चही जरा वाचतो.