शास्त्रीय गायन ऐकायला सुरुवात करायची आहे. आधी राग ओळखायला शिकावं का? आणि साडेतीन हजारांचा हेडफोन पुरेल का?

राग ओळखायला शिकू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. हेडफोनचं शेवटी सांगतो.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिसमधले एक गृहस्थ म्हणाले, "राग कळत नसेल तर ऐकून काय उपयोग? त्याला कान लागतो." हे वाचलं आणि झोपायचं सोडून लिहायला बसलो. हेच वाक्य मी अकराव्या वर्षी ऐकलंय आणि त्यात माझी चोवीस वर्षं गेली.

आमचं घर नारायण पेठेत. थोरले काका गाण्यातले. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेत व्हायचा, घरापासून चालत पाच मिनिटं, आणि काकांनी त्यातलं एक सत्र चुकवलं नसेल. मलाही गाण्याच्या क्लासला घातलं होतं. गाण्याच्या परीक्षांतली प्रारंभिक झाली होती, प्रवेशिकेची तयारी चालू होती. १९९३ची दिवाळी. पाडव्याला सकाळी पाहुणे फराळाला आलेले. काकांनी टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट लावली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "सांग बघू, कुठला राग?"

मी सूर मोजले. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. क्लासात शिकवलेलं तेच होतं. म्हटलं, "भूप."

काकांनी कॅसेट थांबवली. खटका दाबल्याचा आवाज अजून आठवतो. "देसकार आहे. सकाळी नऊ वाजता भूप कोण लावेल?" आणि मग माझ्याकडे न बघता, पाहुण्यांना: "याला कान नाहीत हो." माझ्या हातात अर्धी करंजी होती, ती तशीच ताटात ठेवली. जानेवारीपासून क्लासला गेलो नाही. का जात नाहीस, असं कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर गाणं म्हटलं की मी उठून जायचो. भीमसेनजी २४ जानेवारी २०११ ला पुण्यातच गेले. मी जन्मापासून त्यांच्याच शहरात राहिलो, पाच मिनिटांवर रमणबाग, आणि त्यांना एकदाही समोर बसून ऐकलं नाही. ते आता भरून येणार नाही.

गाण्याकडे परत आलो तो दुसऱ्याच दाराने. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. तिशीनंतर ध्वनियंत्रांचा नाद लागला. आधी हेडफोन, मग डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारं यंत्र), मग अँप्लिफायर, मग तपकीर गल्लीत शनिवारी संध्याकाळी कनेक्टर आणि वायरी शोधत फिरणं. हळूहळू याच नादाचे सात-आठ जण भेटले. महिन्याच्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी आपापली यंत्रं घेऊन जमायचो आणि लावायचो काय, तर तीच पाच-सहा परदेशी रेकॉर्डिंग्ज. झांज कुठल्या बाजूला वाजते, डबल बासची तार किती खोल जाते, एवढंच बोलणं.

जुलै २०१७ मध्ये वारज्याला आप्पांच्या घरी जमलो होतो. आप्पा निवृत्त, आमच्यात सगळ्यात मोठे. त्यांच्याकडे यंत्रं बेताचीच, पण रेकॉर्ड्‌स खूप, बऱ्याचशा रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेल्या. बाहेर पाऊस. सगळ्यांच्या चाचण्या झाल्यावर ते म्हणाले, "आता माझं एक ऐका. किशोरीताई एप्रिलमध्ये गेल्या, तेव्हापासून लावायची होती." किशोरी आमोणकरांची, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री, ती रेकॉर्ड. भूप हे नाव ऐकल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. मी मोबाइल काढला. आप्पांनी ब्रशने सुईवरची धूळ काढली, सुई टेकवली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गाणं ऐकू नकोस. तंबोरा ऐक."

एवढंच. तर मी तंबोरा ऐकला. चार तारा, पंचम (प), षड्ज (सा), षड्ज, खरज (सगळ्यात खालचा सा), आणि पुन्हा पहिल्यापासून. हे मला जमणारं काम होतं, कारण आवाजातले थर वेगळे करून ऐकायची सवय मला यंत्रांनी लावली होती. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात खरजाची तार छेडली गेल्यावर तिच्या शेपटातून एक वेगळाच सूर वर आला. तो कोणी छेडलेला नव्हता. त्या सुराची तारच तंबोऱ्याला नाही. तो गंधार होता, म्हणजे ग.

गाणाऱ्यांना हा माहीतच असतो, ते त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हिशेब सरळ आहे. खरज समजा ७० हर्ट्‌झला लावला, तर त्या तारेतून १४०, २१०, २८० आणि ३५० हर्ट्‌झचे सूरही निघतात. २८० हा वरचा षड्ज, ३५० म्हणजे त्याच्या सव्वापट, म्हणजे नेमका शुद्ध गंधार. जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीवरची जुळणी, नीट लागलेली असेल, घोडीवरचा दोरा जागच्या जागी बसलेला असेल, तर तो स्पष्ट ऐकू येतो. मी हे सगळं कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. ऐकलं मात्र पहिल्यांदा त्या दिवशी.

आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, सूर गंधार. किशोरीताई 'प्रथम सुर साधे' म्हणत त्या गंधारावर येऊन थांबल्या आणि त्यांचा आवाज तंबोऱ्यातल्या त्या गंधारात मिसळला. आवाज कुठे संपला आणि तारा कुठून सुरू झाल्या, ते सांगता येईना. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा कळलं की मोबाइल केव्हाच खाली ठेवलाय. 'सहेला रे' सुरू झालं तेव्हा मी रडत होतो आणि कोणी काही बोललं नाही. रात्री घरी येऊन तोच भूप आणखी दोनदा ऐकला.

पुढच्या आठवड्यात काकांकडे गेलो. गेलो ते भांडायलाच, हे कबूल. गंधाराचं सांगितलं. काका म्हणाले, "हे पुस्तकात लिहिलेलंच आहे. मशीनच्या कानांनी ऐकलंस, त्यात तुझं काय?" मग मी विचारलं, भूप आणि देसकारात फरक काय? त्यांनी तो उत्तम सांगितला. दोन्हींत तेच पाच सूर, पण भूपाचा जीव खालच्या अंगात, गंधारावर. देसकाराचा वरच्या अंगात, धैवतावर. देसकारात रिषभावर रेंगाळत नाहीत, भूपात तो मोकळा असतो. दोन मिनिटांत सांगून झालं. मी म्हटलं, "हे मला त्या पाडव्याला का नाही सांगितलंत? सूर तर मी बरोबर मोजले होते." काका म्हणाले, "सांगून कान येत नाहीत."

याच वाक्याशी माझं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. कान सांगूनच येतात. आप्पांनी दोन शब्द सांगितले आणि मला आले. कुठे लक्ष द्यायचं, हे कोणीतरी प्रेमाने दाखवलं की कुणालाही येतात. पुण्यात शेकडो घरांत गाणं आहे आणि त्याच घरांतली मुलं गाण्याला बिचकतात, कारण त्यांना ऐकायला बसवत नाहीत, परीक्षेला बसवतात. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये या शहरात भारत गायन समाज काढला तो गाणं चार लोकांपर्यंत पोचावं म्हणून. राग विचारून पाहुण्यांसमोर मुलांची फजिती करणं ही त्या परंपरेची सेवा नव्हे.

तर सुरुवात. एकच रेकॉर्डिंग घ्या आणि महिनाभर तेच ऐका. माझं म्हणाल तर किशोरीताईंचा हाच भूप. पहिल्या आठवड्यात फक्त तंबोरा. दुसऱ्या आठवड्यात गायिका कुठल्या सुरावर परत परत येऊन थांबते, ते बघा. सुराचं नाव माहीत नसलं तरी चालतं, जागा कळते. तिसऱ्यात तबला, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशा येतात ते. चौथ्यात काहीही ठरवू नका.

मग आमीर खाँसाहेबांचा मारवा. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही पंचमाला लावत नाहीत, आणि षड्जावर येणंसुद्धा टाळत टाळत होतं. भूपाचा तंबोरा कानात मुरलेला असला की मारव्याची ती बेचैनी कोणी न समजावता जाणवते. लय फार संथ आहे, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ऐका. मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व त्यानंतर. कुमारजींचे तुटक, छोटे आलाप पहिल्यांदा ऐकताना अर्धवट वाटतात. क्षयातून उठल्यावर त्यांना एका फुप्फुसाच्या बळावर गावं लागलं, हे माहीत असलेलं बरं.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काही रेकॉर्डिंग्जमध्ये तंबोरा इतका मागे ठेवलेला असतो की गंधार शोधून सापडणार नाही. तो तुमच्या कानाचा दोष समजू नका. सवाईला जरूर जा, पण मंडपात मागे बसलात तर मोठ्या स्पीकरमधून तंबोऱ्याचे हे बारकावे येत नाहीत, त्यासाठी पन्नास-साठ माणसांची घरगुती बैठक बरी. आणि राग ओळखणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. आज देसकार मला दोन आलापांत कळतो. फक्त ते ऐकण्याच्या मागून आलं. काकांनी पन्नास वर्षं गाणं जिवापाड ऐकलं, हेही खरं. त्यांच्याइतकं मी कधी ऐकणार नाही.

हेडफोन. पुरेल. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचं झिंझोटीतलं 'पिया बिन नाही आवत चैन' तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर आहे, आणि तिच्यात पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नाही. तरी तो आवाज काळजाला भिडतो. या गाण्यात जे महत्त्वाचं आहे ते आवाजाच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि महागडी यंत्रं पैसे घेतात ते बहुतेक अगदी खालच्या आणि अगदी वरच्या टोकाचे. मी लाखाच्या वर खर्च केल्यावर हे सांगतोय.

तरी खात्री करावी म्हणून हे उत्तर लिहिताना मुलीचा हेडफोन घेतला, तुमच्याच किमतीचा, आणि भूप लावला. खालचा खरज थोडा पातळ येतो. पण गंधार ज्या पट्ट्यात येतो तिथे कुठलाही हेडफोन वाजतो. चौथ्या आवर्तनाला आला.