‘वऱ्हाडी रोडगे’ हे नाव नेमके कोणाचे?

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातील आमच्या बचत गटाच्या महिला लग्नकार्यांत आणि प्रदर्शनांत रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) करून विकतात. यंदा एका प्रदर्शनात शेजारच्या दुकानदाराने ‘वऱ्हाडी रोडगे’ हे नाव आपल्या मालकीचे असल्याचे सांगून आम्हाला फलक उतरवायला लावला. त्याच्या पाकिटावर नावापुढे ‘टीएम’ अशी बारीक अक्षरे होती. आमच्या आज्यांपासून चालत आलेले नाव त्याचे कसे झाले? त्यापेक्षा आम्हीच रोडग्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळवावे काय?
– गटाच्या एक सदस्य, जि. अमरावती

उत्तर : ताई, फलक पुन्हा लावा. ‘टीएम’ (ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह) ही अक्षरे कोणीही छापू शकतो; छापणारा त्या नावावर दावा सांगतो आहे, एवढाच त्यांचा अर्थ. नोंदणी झालेल्या चिन्हापुढे वर्तुळातला ‘आर’ असतो आणि नोंदणी नसताना तो छापण्यास कायद्याने मनाई आहे. पुन्हा कोणी हटकले तर भांडत न बसता नोंदणी क्रमांक मागावा. व्यापारचिन्हांची नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

समजा, क्रमांक खरा निघाला. तरीही अशा प्रकरणांत बहुधा पाकिटाचे संपूर्ण लेबल, म्हणजे चित्र, रंग आणि अक्षरांचे वळण, नोंदवलेले असते. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १७ प्रमाणे अशा नोंदणीने त्यातल्या सर्वसाधारण शब्दांवर एकट्याचा हक्क निर्माण होत नाही आणि कलम ३० प्रमाणे मालाचा प्रकार किंवा मूळ प्रदेश सांगण्यासाठी शब्द वापरणे हे उल्लंघन ठरत नाही. वऱ्हाड हा प्रदेश आणि रोडगे हा पदार्थ. त्याच्या पाकिटासारखे पाकीट मात्र करू नका. तिथे त्याची बाजू खरी ठरेल.

आता मानांकनाविषयी, म्हणजे विशिष्ट भूभागाशी जोडलेल्या मालाच्या नावाला कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणाविषयी. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून २००३ पासून लागू आहे आणि तो तयार पदार्थांनाही लागू होतो : हैदराबादी हलीमला २०१० मध्ये, बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये आणि ओडिशाच्या रसगुल्ल्याला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. अर्ज उत्पादकांच्या संघटनेला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे करता येतो. परंतु पदार्थाची गुणवत्ता, कीर्ती किंवा वैशिष्ट्य त्या भूभागामुळेच आहे, हे दाखवावे लागते. इथे नावाच्या जुनेपणाचा तुमचा पुरावाच तुमच्यावर उलटतो. एकनाथांच्या भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस आहे आणि एकनाथ पैठणचे. चारशे वर्षांहून जुना हा शब्द कोणा दुकानदाराचा नाही, हे त्यातून जितके स्पष्ट होते, तितकेच तो एकट्या वऱ्हाडाचाही नाही, हेही स्पष्ट होते.

रोडग्यांच्या नावाने अर्ज करण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. जाडसर दळलेल्या कणकेच्या तीन-चार पुऱ्या तेलाचे बोट लावून एकावर एक ठेवायच्या, कडा मुडपून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा आणि राख झटकून वांग्याच्या भाजीबरोबर वाढायचा, ही कृती कायद्याने कोणाच्याच नावावर होत नाही. कृतीच्या मजकुरावर लेखनाचा हक्क लागतो, पण ती वाचून कोणी रोडगे केले तर त्याला अडवता येत नाही. पारंपरिक ज्ञानावर पेटंटही घेता येत नाही. हळदीच्या जखम भरून आणणाऱ्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झाले, ते त्या गुणात नवे काहीच नव्हते म्हणून. तुमच्या हाती राहते ते गटाचे स्वतःचे नाव. ते नोंदवा, व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. निवडताना मात्र गावाचे किंवा पदार्थाचे नाव नको, नाहीतर उद्या तुम्हीही त्या दुकानदाराच्याच जागी उभ्या असाल.

प्रश्न : माझे शेत समुद्रपूर तालुक्यात, वायगाव हळदीच्या पट्ट्यात आहे. घरची हळकुंडे दळून पाकिटावर ‘वायगाव हळद’ असे छापू काय?
– एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : छापावे, परंतु आधी ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे मानांकनाचे नाव वापरण्याचा हक्क असलेला उत्पादक, म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी. वायगाव हळदीला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, पण गावाला मिळालेले मानांकन प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर आपोआप चढत नाही आणि ही गोष्ट अनेकांना कोणी सांगितलेलीच नसते. या नोंदणीचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते, २०२० पासून ते १० रुपये आहे. माल कमी पडला म्हणून बाजारातली दुसरी हळद त्यात मिसळून तेच नाव छापले, तर मात्र किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. चक्कीवरही आपली हळकुंडे वेगळी दळून घ्यावीत आणि दळणाची तारीख व वजन वहीत लिहून ठेवावे.