टचस्क्रीन ऑल-इन-वन घ्यायच्या आधी

ऑल-इन-वन म्हणजे स्क्रीनच्याच आत अख्खा काँप्युटर. दिसायला सुटसुटीत, वायरींचा गुंता नाही, टेबलाखाली डबा नाही, हे सगळं खरं. पण आत बहुतेक वेळा लॅपटॉपचेच भाग असतात, फक्त बॅटरी नसते. वीज गेली की काम गेलं, तेव्हा यूपीएसचा खर्च आधीच धरा.

टचचं म्हणाल तर लहान मुलांना चित्रं काढायला किंवा दुकानात काउंटरवर बिलं करायला छान. एक्सेलमध्ये दिवसभर काम असेल तर उभ्या स्क्रीनपर्यंत नेऊन नेऊन हात भरून येतो. माझ्याकडे चार वर्षं होता. पहिल्या महिन्यानंतर टच फक्त धूळ पुसताना व्हायचा!

खरी गोम दुरुस्तीत आहे. साध्या डेस्कटॉपचा मॉनिटर गेला तर दुसरा आणून जोडता येतो. इथे स्क्रीन बिघडली की अख्खा काँप्युटर उचलून न्यायचा. म्हणून दुकानदाराला विचारा: रॅम बदलता येते की बोर्डावरच पक्की बसवलेली आहे? एचडीएमआय इनपुट, म्हणजे दुसऱ्या काँप्युटरचं चित्र या स्क्रीनवर घ्यायची वायर लावायची जागा, आहे का? तो असला तर पुढे नुसता मॉनिटर म्हणून वापरता येईल. सेकंडहँड घेणार असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते बघाच; विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.