कॅलिपर नको, त्याचे रबर हवे

या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. मोटारीच्या ब्रेकमधला नखाएवढा भाग खराब होतो आणि डीलरच्या काउंटरवर मात्र अख्ख्या असेंब्लीची किंमत सांगितली जाते. त्यांतली सहा पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

माझ्या २०१२ सालच्या छोट्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यात कडकड आवाज येतो. मेकॅनिकने चाक उतरवले तेव्हा कॅलिपरच्या (चाकाच्या चकतीवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनेवरचे रबर फाटलेले दिसले. ते सुटे येत नाही, पूर्ण कॅलिपर घ्यावा लागेल, असे डीलरकडे सांगितले. हे खरे आहे का? (डिचोली)

बहुधा खरे नाही. पण सांगणारा खोटे बोलत होता असेही मी म्हणणार नाही. तुमची गाठ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी पडली असावी, आणि त्याच्यापुढच्या यादीत कामे असतात, सुटे भाग नसतात. सुट्या भागांचे काउंटर वेगळे असते. तिथे आर.सी. वरचा सतरा अक्षरी चासी क्रमांक द्यावा, संगणकावर पुढच्या ब्रेकची आकृती उघडायला सांगावी आणि 'रबर' न म्हणता 'कॅलिपर पिन बूट', 'पिन किट' किंवा 'सील किट' अशी तिन्ही नावे घ्यावीत, कारण काही कंपन्या हे बूट पिस्टनच्या सीलबरोबर एकाच पाकिटात देतात आणि सुट्या नावाने शोधले तर ते सापडतच नाही. क्रमांक बंद झाल्याचे दिसले, तर त्याच्या जागी कोणता नवा क्रमांक आला, हेही विचारावे. सुझुकी आणि टोयोटा यांच्या क्रमांकांत पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात आणि पुढचा हिस्सा मॉडेल. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला दुसऱ्या मॉडेलचा तसाच भाग शोधणे फार अवघड नसते.

तरीही नकारच मिळाला, तर गाडीचे नाव बाजूला ठेवून ब्रेकचे नाव शोधावे. गाडीची कंपनी कॅलिपर बहुधा स्वतः बनवत नाही. बॉश, मांडो, अ‍ॅडव्हिक्स, ब्रेक्स इंडिया अशा कंपन्यांकडून घेते आणि तोच कॅलिपर थोड्याफार फरकाने दुसऱ्या कंपनीच्या गाडीतही बसलेला असतो. तारेच्या ब्रशाने चिखल खरवडला की ओतीव लोखंडावर उठावाची अक्षरे दिसतात. त्यांचा फोटो काढावा आणि फाटलेला बूट व चांगली पिन एका पिशवीत घालून म्हापसा किंवा मडगावच्या सुट्या भागांच्या दुकानात न्यावी. व्हर्निअर कॅलिपरने (नावाचा गोंधळ आहे खरा, पण हा मोजायचा कॅलिपर) पिनेचा व्यास, तिची लांबी, बूट ज्या खाचेत बसतो त्या खाचेची रुंदी आणि बुटाच्या दुसऱ्या टोकाच्या ओठाचा बाहेरचा व्यास अशी चार मापे घ्यावीत. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने बूट बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच पावसात निसटतो.

बूट आणण्यापूर्वी पीन पुसून तिच्यावरून अंगठ्याचे नख फिरवावे. पॅड झिजत जातो तसा कॅलिपर या दोन पिनांवर सरकत असतो. बूट फाटला की तुमच्याकडच्या खाणरस्त्यांची तांबडी धूळ आणि पाणी आत शिरते आणि पीन जाम होऊन एकाच बाजूचा पॅड संपतो. नख कुठे अडले, तर बुटाबरोबर पीनही बदलावी. दोन्ही पिना सारख्या असतीलच असे नाही. कित्येक कॅलिपरांत एका पिनेच्या टोकाला रबराची बाही असते आणि तिची जागा ठरलेली असते. मी स्वतः एकदा त्यांची अदलाबदल करून बसलो आणि पुढचे दोन महिने आवाजाचा दोष पॅडला देत राहिलो. पिनेला ग्रीस लावावे ते ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस. चासीचे ग्रीस खनिज तेलाचे असते, त्याने हे रबर फुगते, आणि नवा बूट थोड्याच काळात जुन्याहून वाईट होतो.

ब्रेकची एअर काढताना मागच्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) तुटला. गॅरेजवाला म्हणतो, तिथे बोल्ट मारून टाकू, डीलरकडे निपल सुटा मिळत नाही. बोल्ट चालेल का? (फोंडा)

चालणार नाही. निपलची गळती आट्यांनी थांबत नाही. ती थांबते त्याच्या निमुळत्या टोकाने, जे आतल्या तशाच निमुळत्या बैठकीवर घट्ट बसते. बोल्टाला ते टोक नसते. तो आज कोरडा दिसेल आणि घाटात जोरात ब्रेक दाबल्यावर गळेल. शिवाय पुढे त्या चाकाची एअर काढायची सोयच उरत नाही.

सुटा निपल ही दुर्मीळ वस्तू मुळीच नाही. मोटारींत प्रामुख्याने ७, ८ आणि १० मिलिमीटर व्यासाचे निपल येतात, पण एकाच व्यासात आट्यांचे अंतर वेगवेगळे असू शकते. १० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटर अंतराचा आटा सर्रास आढळतो. म्हणून तुटलेला तुकडा फेकून न देता दुकानात न्यावा, आटे मोजायच्या पट्टीने ते अंतर पाहावे आणि लांबीही जुळवावी. हाताने किमान तीन-चार फेरे सहज फिरला नाही, तर तो निपल आपला नाही असे समजावे.

आत अडकलेला तुकडा लेथवाल्याकडे काढून मिळतो. मात्र बैठकीला ओरखडा पडला, तर व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्या वेळी आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारावे, निपलवर हलके ठोके द्यावेत आणि सहा कोनांचा रिंग पाना वापरावा. उघड्या तोंडाचा पाना निपलची डोकी गोल करतो. निपलवरची रबरी टोपी हरवलेल्या गाड्या गोव्यात मी पुष्कळ पाहतो, आणि खाऱ्या हवेत निपल सडण्याचे कारण बहुधा तेवढेच असते.

माझ्या गाडीच्या कंपनीने भारतातला व्यवसाय आवरला आहे. मागचा व्हील सिलिंडर गळतो. दुकानदाराने दुसऱ्या गाडीचा सिलिंडर दिला, तो बसलाही. पण पावसात ब्रेक मारला की मागचा भाग सरकतो. (मडगाव)

हे पत्र मिळताच मी या वाचकांना गाडी उभी करायला कळवले, कारण दोष ड्रायव्हिंगचा नाही, व्यासाचा आहे.

व्हील सिलिंडरचे व्यास जुन्या पद्धतीने इंचात ठरतात, म्हणून मिलिमीटरमध्ये ते १७.४६ किंवा १९.०५ असे विचित्र वाटतात. बाहेरून हे दोन सिलिंडर जुळ्या भावांसारखे असू शकतात आणि दोघांचे बोल्टही एकाच जागी येऊ शकतात. पण पिस्टनवरचा जोर क्षेत्रफळावर अवलंबून असतो, आणि १७.४६ च्या जागी १९.०५ बसवला की तेवढ्याच दाबाला मागचे शू (लायनिंग लावलेले कमानदार तुकडे) सुमारे १९ टक्के जास्त जोराने ड्रमवर दाबले जातात. ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके आधीच हलकी झालेली असतात. त्यांत हा वाढीव जोर पडला की ओल्या रस्त्यावर ती पुढच्या चाकांआधी थांबतात आणि गाडी आडवी होते. व्यास बहुतेक वेळा सिलिंडरच्या अंगावर इंचाच्या अपूर्णांकात किंवा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. जुन्यावर आणि नव्यावर तो वाचून पाहावा. अक्षरे गंजली असतील तर पिस्टन काढून आतला व्यास मोजावा. डावा आणि उजवा कधीच वेगवेगळ्या व्यासाचे ठेवू नयेत.

कंपनी गेली म्हणजे भाग संपले असे होत नाही. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन आवरत असल्याचे जाहीर केले, तरी त्या गाड्यांना ब्रेक पुरवणारे कारखाने चालूच राहिले. ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ मध्ये ब्रिटनच्या लुकास-गर्लिंगच्या भागीदारीत सुरू झाली. जुने दुकानदार आजही 'गर्लिंगचे किट' म्हणतात ते त्यामुळे, आणि त्यांना तसेच विचारले तर हात पटकन बरोबर फळीकडे जातो. त्यातही 'मायनर किट' म्हणजे नुसती रबरे आणि 'मेजर किट' म्हणजे पिस्टनसकट, हा फरक आधीच स्पष्ट करून घ्यावा. सिलिंडरच्या आतली भिंत गुळगुळीत असेल, तर मायनर किटने काम भागते. खड्डे पडले असतील, तर किट घालणे म्हणजे पैसे पाण्यात. गोव्यात न मिळाल्यास बेळगाव आणि कोल्हापूर जवळ आहेत; तिथेही नाही जमले, तर पुण्याची नाना पेठ आणि दिल्लीचे काश्मिरी गेट हे सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. जुन्या भागाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढला आणि व्यास लिहून पाठवला, तर कुरियरने चुकीचा भाग येण्याची शक्यता बरीच कमी होते.

भंगारातल्या गाडीचे ब्रेकचे भाग वापरावेत का? (पेडणे)

कॅलिपर अडकवण्याचा ब्रॅकेट, बॅकप्लेट (ड्रमच्या मागची तबकडी), न गंजलेले लिव्हर खुशाल घ्यावेत. रबराची कोणतीही वस्तू, ब्रेकचा होज आणि पॅड घेऊ नयेत, ते कितीही नवे दिसोत.

डीलर म्हणतो, भाग हातात देणार नाही, आमच्याकडेच बसवून घ्या. त्याला तसे म्हणता येते का? (पणजी)

या प्रश्नावर स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला होता. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक असल्याचे ठरवून आयोगाने एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, पण ग्राहकाची बाजू त्यातून पुरेशी स्पष्ट होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही सुरू केले आहे.

व्यवहारात मी असे सुचवेन की काउंटरवर वाद घालू नये. भागाचा क्रमांक लिहून ई-मेलने दरपत्रक मागावे, आणि नकार असेल तर तोही लेखी मागावा. लेखी नकार द्यायची पाळी आली की पुष्कळदा भाग सापडतो. नाहीच सापडला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा हाच ई-मेल उपयोगी पडतो.

आम्ही रोज फेरीबोटीने जातो. हँडब्रेक ओढला की मागचे चाक सुटत नाही. मेकॅनिकला ड्रममधल्या स्प्रिंगा गंजलेल्या आढळल्या; डीलर शूचा पूर्ण संच घ्या म्हणतो, शू तर नवे आहेत. (चोडण)

तुमच्या गाडीचे निदान मी पत्रावरूनच करू शकलो असतो. रॅम्पवर मांडवीचे खारट पाणी चाकांना लागते, बोटीवर हँडब्रेक ओढावाच लागतो, आणि रात्री तीच ओली चाके तशीच आवळलेल्या स्थितीत घरापुढे उभी राहतात.

स्प्रिंगा शूविना मिळतात, मात्र 'शू फिटिंग किट' या नावाने. त्यात ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, शूला बॅकप्लेटला धरणाऱ्या पिना आणि त्यांच्या वाट्या असतात. अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रम यांच्यातले अंतर जुळवणारा भाग) काही किटांत असतो, काहींत नसतो, तेव्हा विचारून घ्यावे. शूच्या लायनिंगची रुंदी आणि ड्रमचा आतला व्यास सांगितला, तर दुकानदाराला किट ओळखता येते. वरची आणि खालची स्प्रिंग वेगळ्या ताकदीच्या असतात, कधी त्यांचे रंगही वेगळे असतात, आणि अ‍ॅडजस्टरचे आटे डाव्या व उजव्या चाकाला उलटे असू शकतात. म्हणून दोन्ही ड्रम एकदम उघडू नयेत. एक बाजू पूर्ण जोडून झाल्यावरच दुसरी सोडावी, म्हणजे अडल्यास बघायला नमुना राहतो. तारेची स्प्रिंग वळवून देणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही, पण ब्रेकच्या स्प्रिंगेचा ताण नुसत्या डोळ्यांनी जुळत नाही. ती विकतच घ्यावी.

किट बसवल्यावर हँडब्रेकची केबलही सोडून बघावी. लिव्हर खाली केल्यावर ती आवरणात आपोआप मागे सरकली नाही, तर नव्या स्प्रिंगांनीही चाक सुटणार नाही. सपाट जागेवर रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकामागे लाकडाचा ठोकळा लावावा. बोटीवर मात्र हँडब्रेक ओढूनच ठेवावा. पलीकडे उतरल्यावर पहिल्या सपाट रस्त्यावर दोन-तीन वेळा हलका ब्रेक मारला की ड्रममधले पाणी उष्णतेने सुकते.