'खुलासा', 'गौप्यस्फोट' आणि गळून पडणारे 'सारखे'

वेंगुर्ल्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : 'उडत्या तबकड्यांबाबत अमेरिकी सरकारचा खुलासा' असा मथळा आमच्या घरी दोघांनी वाचला. सासऱ्यांनी त्याचा अर्थ 'तसले काही नव्हतेच, असे सरकारने सांगितले' असा घेतला, तर महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने 'तबकड्या आहेत, हे सरकारने कबूल केले' असा घेतला. बरोबर कोण? पुढे आठवडाभर वाडीतल्या लोकांना रात्री समुद्राच्या बाजूला 'तबकड्या' दिसू लागल्या. त्यांना मराठीत नेमके काय म्हणावे?

मराठीच्या दृष्टीने सासरे बरोबर आहेत. 'खुलासा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ सार किंवा अर्क असा असून उर्दूत तो आजही सारांश या अर्थाने वापरला जातो. मराठीत मात्र त्याचा अर्थ शंकेचे निरसन, स्पष्टीकरण असा पक्का झाला. वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्याकडून 'खुलासा मागवतात', आणि एखादी गोष्ट 'खुलासेवार' सांगावी म्हणजे ती सविस्तर, संदेह उरणार नाही अशी सांगावी. हिंदी बातम्यांत हाच शब्द दडलेली गोष्ट उघडकीस आणणे या अर्थाने चालतो, आणि अलीकडे मराठी वाहिन्यांनी तो अर्थ जसाच्या तसा उचलला आहे. मुलीने घेतलेला अर्थ तिथून आला. तो तिचा दोष नाही. पण एकच शब्द 'संशय मिटला' आणि 'रहस्य बाहेर आले' असे दोन उलट अर्थ सांगू लागला, तर त्या मथळ्याने वाचकाला काय कळवले, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

'गौप्यस्फोट' हा दुसरा आवडता शब्दही तपासून वापरायला हवा, कारण स्फोट होण्याआधी तिथे काही गौप्य होते हे तो गृहीत धरतो. तो जिथे शोभतो असे एक उदाहरण याच विषयात आहे. अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाची उड्डाणे १९५५ मध्ये सुरू झाली. हे विमान साठ हजार फुटांहून उंच जात असे, आणि तेवढ्या उंचीवर विमान असू शकते हे तेव्हा सामान्य वैमानिकांच्या ध्यानीमनीही नव्हते. मावळतीनंतर खाली अंधार पडला तरी वर त्याच्या पंखांवर ऊन चमके, आणि लोक ते उडत्या तबकड्या म्हणून कळवत. हवाई दल त्यांना हिमकण, उष्ण हवेचे थर अशी कारणे देई, म्हणजे शब्दशः 'खुलासा' करी; तो खरा नव्हता. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक नोंदींमागे अशी गुप्त उड्डाणे होती, असे अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या स्वतःच्या इतिहासलेखनात १९९७ मध्ये म्हटले गेले. हा आकडा सर्व अभ्यासकांना मान्य नाही, पण लपवलेले उघड झाले या अर्थी तो गौप्यस्फोट होता.

याउलट जून २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तचर प्रमुखांच्या कार्यालयाने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात आकाशात दिसलेल्या अशा वस्तूंच्या १४४ नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकीचीच खात्रीने ओळख पटली होती : तो हवा निघत चाललेला एक मोठा फुगा होता. उरलेल्या १४३ परग्रहावरून आल्या असे अहवालात कुठेही नाही. बहुतेकांबाबत पुरेशी माहिती नाही, एवढेच त्यात आहे. हा खुलासाही नव्हे आणि गौप्यस्फोटही नव्हे. 'अहवाल प्रसिद्ध केला' हे साधे क्रियापद पुरेसे होते. त्याच अहवालातली अधिक मोलाची गोष्ट आपल्या बातम्यांत फारशी आली नाही : बहुतांश नोंदी शेवटच्या दोन वर्षांतल्या होत्या, कारण नौदलाने मार्च २०१९ मध्ये अशा गोष्टी कळवण्याची रीत घालून दिली आणि ती हळूहळू वैमानिकांना माहीत झाली. नोंदी वाढल्या याचा अर्थ आकाशातल्या वस्तू वाढल्या असा होत नाही, आणि 'उडत्या तबकड्यांच्या संख्येत वाढ' असा मथळा देणारा नेमका तोच गोंधळ करतो. वस्तू, तिचे दिसणे आणि दिसल्याची नोंद या तीन गोष्टींना मराठीत तीन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच राहायला हवेत.

आता 'उडती तबकडी'. तबक म्हणजे ताट किंवा तसराळे. पानसुपारीचे, पूजेचे तबक आपण जाणतोच. त्याला 'डी' लागून लहानपणा आला. ग्रामोफोनची ती तबकडी, आणि आकाशातली तीही. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो योजला गेला, त्याचा शब्दशः अर्थ 'उडती बशी', आणि त्या शब्दाची जन्मकथा शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हा वैमानिक अमेरिकेतल्या माउंट रेनियर या पर्वताजवळून जात असता त्याला नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावरून बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल, तशी त्यांची चाल आहे, असे त्याने सांगितले. आपल्याकडची मुले खाडीच्या शांत पाण्यावर चपटा खडा असाच फेकतात. उपमा चालीची होती, आकाराची नव्हती. त्याने काढलेल्या चित्रातला आकार बशीसारखा पूर्ण गोल नव्हताच. पण वृत्तपत्रांनी 'सारखी' गाळले, 'चाल' गाळली, आणि बशी तेवढी ठेवली. पुढल्या काही आठवड्यांत अमेरिकाभर शेकडो लोकांना आकाशात गोल चकत्या दिसल्या. अर्नोल्डला जे दिसले होते, त्याचा आकार नव्हे, तर वृत्तपत्राने दिलेल्या शब्दाचा आकार लोकांना दिसू लागला.

मराठीत हा धोका किंचित अधिक आहे, असे मला वाटते. 'मला तबकडी दिसली' या वाक्यात कर्ता तबकडी आहे. पाहणारा चतुर्थीत बाजूला उभा राहतो, आणि वस्तूचे असणे व्याकरणानेच मान्य होऊन जाते. 'मला तबकडीसारखे काहीतरी दिसले' असे म्हटले की ते पुन्हा खुले होते. बातमीदाराने जागा वाचवण्यासाठी दोन शब्द काढले, तर त्याने साक्षच बदलली.

आपल्या किनाऱ्यावर तर दिव्यांची वाण नाही. बंदी असूनही प्रखर दिवे लावून खोल समुद्रात होणारी मासेमारी ढगांच्या पोटावर उजेड पाडते, आणि मे २०१९ पासून सोडले जात असलेले 'स्टारलिंक' या इंटरनेट सेवेचे उपग्रह सुरुवातीच्या दिवसांत दिव्यांच्या माळेसारखे एका रांगेत सरकतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले आणि त्याचा संबंध चिनी अग्निबाणाशी जोडला गेला. पूर्वी आपल्याकडे डोंगरावर फिरता उजेड दिसला की तो हातात चूड घेऊन गावाची राखण करणाऱ्या देवचाराचा असे. उजेड पाहणारे डोळे तेच आहेत. त्यांना आधीच मिळालेला शब्द बदलला. म्हणून मथळ्यानंतर आठवडाभर वाडीत तबकड्या दिसल्या याचे मला नवल वाटत नाही, आणि त्या लोकांना कोणी हसू नये असेही वाटते. त्यांना उजेड खरोखरच दिसला असणार.

नेमका शब्द हवा, तर 'अज्ञात उडती वस्तू' मला पसंत नाही, कारण 'अज्ञात'मध्ये गूढाची छटा येते. 'ओळख न पटलेली' हे अधिक अचूक आहे. पोलीस पंचनाम्यातही हेच लिहितात, आणि ओळख अजून पटू शकते हे त्यात अभिप्रेत असते. अमेरिकी हवाई दलाने रूढ केलेले 'यूएफओ' (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट) हे आद्याक्षरी नावही अर्थाने एवढेच सांगते, परंतु वापरात ते 'परग्रहवासीयांचे यान' होऊन बसले. 'यूएफओ दिसली' असे आपण स्त्रीलिंगात लिहितो तेही 'तबकडी'च्या आणि 'वस्तू'च्या प्रभावाने. जे ओळखले नाही त्यासाठी मराठीत नपुंसकलिंग आहे : 'काहीतरी दिसले'. वेंगुर्ल्यात म्हणतात, 'मळबात कायतरी उजवाड दिसता'. मळब म्हणजे तिथे आकाश. वाडीतल्या मंडळींनी वेळ, दिशा आणि उजेड किती काळ दिसला, हे लिहून ठेवावे, आणि वर्णनासाठी हे वाक्य तसेच राहू द्यावे.